दिस्तैनचं शेवटचं ताट

मला विचारताय म्हणजे तुम्हाला दुसरं कोणी भेटलं नसणार. असो, बसा. बावीस वर्षं मी रिरिद राजाचे पाय मांडीवर घेऊन बसलोय. हसू नका! आमच्या दरबारात हे मानाचं काम आहे. राजा जेवायला बसला की त्याचे पाय माझ्या मांडीवर, ते तो स्वतः उठेपर्यंत. पाय चोळायचे, ऊब द्यायची, सांगेल तिथे खाजवायचं. माझ्या पाठीला शेकोटी आणि नाकासमोर राजाचे गुडघे. माणसांचे चेहरे मला फारसे माहीत नाहीत, पण पाय दाखवा, नाव सांगतो.

आणि मेलिरसारखे हट्टी पाय मी दुसरे पाहिले नाहीत. मेलिर म्हणजे आमचा दिस्तैन. कोण कुठे बसणार, कुणाच्या वाट्याला कुठला तुकडा, कुणाला मधाची दारू आणि कुणाला नुसती जवाची, सगळं त्याच्या हातात. पिंपाच्या तळाशी गाळ उरतो ना, त्या गाळावर त्याच्या मधल्या बोटाइतकी दारू त्याच्या हक्काची. देवाने बोटंही लांबच दिली होती मेल्याला. वाढायला निघाला की कमरेला पांढरी काठी खोचलेली, टाचा भेगाळलेल्या, चाल संथ. बावीस वर्षांत ते पाय माझ्यासमोर एकदाही थांबले नाहीत.

का, तर मी राजाच्या ताटातला घास खातो, मग मला वेगळं वाढायचं कशाला! नियमच तसा. पण राजाच्या ताटातला घास म्हणजे राजाला नको असलेला घास. कुत्र्यांनासुद्धा मेलिर नावाने हाक मारून हाडं टाकायचा. मला फार लागायचं ते. सांगायला लाज कसली?

आता आसऱ्याचं ऐका, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दरबारातल्या प्रत्येक मानकऱ्याला आसरा द्यायचा हक्क आहे आणि प्रत्येकाचं माप वेगळं. लोहाराने हातोडा भिरकावला तर जिथवर जाईल तिथवर त्याचा आसरा. दिवेवाल्याचा पहिली मेणबत्ती लावल्यापासून शेवटची विझेपर्यंत. आणि दिस्तैनचा आसरा तो वाढायला उभा राहिला की सुरू होतो, दरबारातल्या शेवटच्या माणसापुढे ताट आलं की संपतो. तेवढ्या वेळात त्याच्या झग्याचं टोक धरलेल्या माणसाला खुद्द राजाही हात लावू शकत नाही. शेवटचं ताट मांडलं की मेलिर मधल्या खांबावर काठीने तीनदा ठोकायचा.

तो दिवस हिवाळ्याचा पहिला. सणाचं जेवण, आणि मेलेल्या माणसांची आठवण काढायचाही तोच दिवस. सकाळपासून धुकं इतकं की दालनाच्या दारातून आवाराचा कूड दिसेना. कुडापलीकडे भरतीचं पाणी चुळचुळ वाजत होतं. आत धूर, बाहेर धुकं, मध्ये आम्ही. महाराजांच्या पायांची ऊब मांडीवर आणि शेकोटीची पाठीवर, अशा वेळी मी जागा आहे की झोपलोय हे माझं मलाही कळत नाही. मेलिर पहिलं ताट घेऊन उठला तेव्हाही मी तसाच गुंगीत होतो.

तेवढ्यात दारातून दोन पाय धावत आत आले. अनवाणी, थंडीने निळे पडलेले, बोटांच्या बेचक्यांत ओली वाळू. तळवे रुंद. असे तळवे पुळणीवर चालणाऱ्यांचेच असतात. ही हुनिद, मी ओळखलं. आमच्या किनाऱ्यापासून मठाच्या बेटापर्यंत ओहोटीला वाळू उघडी पडते, तिच्यावरून माणसं पलीकडे नेणारी वाटाडी. हिचा बाप वाटाड्या, आजा वाटाड्या.

"मेलिरकाका, आसरा द्या," ती म्हणाली. दम लागला होता तिला.

"वाढतोय ना मी? मग दिला," मेलिर म्हणाला. "टोक धर आणि मागून ये. जपून हो पोरी, रस्सा सांडला तर तुझ्याआधी मीच मरेन."

तिच्या पाठोपाठ लोखंडी नाल ठोकलेले बूट वाजले. कादोगन, महाराजांचा पुतण्या आणि सगळ्या शिपायांचा सरदार.

"म्हाताऱ्या, बाजूला हो."

"सरदार, माझ्या हातात ताट आहे. बाजूला तुम्ही व्हा."

भांडण कशाचं ते सांगतो. नऊ दिवसांपूर्वी कादोगनचा धाकटा भाऊ इथेल बेटावर निघाला. धुकं होतं. हुनिद पुढे, शिंग फुंकत. धुक्यात वाटाडी शिंग फुंकते आणि माणसं आवाजामागून जातात. पुळणीवरची वाट सरळ नाही, मध्ये रुतणारी वाळू आहे, तिला मोठा वळसा आहे. इथेलला वाटलं, ही बाई उगाच लांबून फिरवतेय. त्याने घोडा सरळ घातला. घोडा परत आला, इथेल आला नाही. हुनिद भरती पायाला लागेपर्यंत शिंग फुंकत उभी होती म्हणे. पण हे सांगणारीही तीच, आणि भावाच्या दुःखात माणूस काय ऐकणार?

"माझा भाऊ गेला तिथेच हिला खुंटाला बांधणार," कादोगन म्हणाला. "येऊ दे भरती."

आमचा न्यायाधीश सुलियन, ऐंशीचा म्हातारा, पाय नेहमी पायमोज्यांच्या तीन थरांत. तो म्हणाला, "न्याय पौर्णिमेला होईल, सरदार."

"पौर्णिमेपर्यंत ही थांबेल होय! मी थांबतो. शेवटचं ताट मांडेपर्यंतच ना? मांडा." आणि त्याने दारात दोन शिपाई उभे केले.

मी महाराजांच्या पायांकडे लक्ष दिलं. बोटं आखडलेली होती. महाराज म्हातारे, तलवारी सगळ्या पुतण्याच्या हाताखाली. 'नाही' म्हणायची सोय उरली नव्हती त्यांना.

सगळा खेळ एवढाच होता. बेटावरच्या मठात कायमचा आसरा आहे, हद्दीच्या दगडापलीकडे कुणाची तलवार चालत नाही. पण तिथे जायला ओहोटी हवी, आणि ओहोटी दिवस कलल्यावर. आत्ता दुपार. आणि जेवण घटकाभरात उरकणार.

तर मेलिरने काय केलं? पहिल्या पंगतीपुढे थांबला. आमच्याकडे तिघांत एक पातळ मोठी भाकर मांडतात, वर मटण, वर रस्सा. मेलिरने भाकर हातातच ठेवली आणि लोहाराला विचारलं, "कोणाचा कोण?"

"आँ? अरे, काल माझ्याकडे चिमटा घ्यायला आला होतास ना तू?"

"दिस्तैन विचारतोय. वाटा मानाप्रमाणे पडतो. कोणाचा कोण?"

झालं! आमच्या लोकांना भूक मारता येईल, पण नऊ पिढ्या विचारल्यावर गप्प बसता येणार नाही. लोहाराने बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं, पणज्यापाशी त्याचा आवाज चढला, सातव्या पिढीला तो उठून उभा राहिला. त्याच्या शेजारचा कशाला मागे राहतोय? त्याने नवव्या पिढीतली लढाईसुद्धा सांगितली. मग दोघांचा सहावा पूर्वज एकच निघाला आणि दोघं गळ्यात पडून रडले. मेलिर हातात भाकर धरून शांतपणे ऐकत होता. ऐकून झालं की सुरी पुसायचा, तुकडा कापायचा, हाडाकडे बघायचा, पुन्हा कापायचा. हुनिद त्याच्या मागे, झग्याचं टोक मुठीत.

नावांवर नावं, नावांवर नावं. सगळं दालन मेलेल्या माणसांनी भरून गेलं. धुरात मला ते दिसायलाही लागले, खांबांना टेकून उभे, आपलं नाव कधी येतं याची वाट बघत. माझा बापही असेल, त्याचं नाव कोण घेणार? महाराजांनी मला मधात भाजलेल्या बरगडीचा तुकडा दिला. मी तो तोंडाशी नेला, तेवढ्यात हुनिदचे पाय माझ्यासमोरून गेले. अजून निळेच होते. तुकडा तसाच बाहीत सारला.

मग मेलिर कादोगनपुढे थांबला.

"कोणाचा कोण?"

"थट्टा पुरे, म्हाताऱ्या."

"सगळ्यांना विचारलं, सरदार. तुम्हाला नाही विचारलं तर तुमचाच अपमान."

कादोगनने दातओठ खात नऊ नावं घेतली. भराभरा, माश्या हाकलल्यासारखी. शेवटचं नाव झालं आणि तो थांबला. मग म्हणाला, "आणि इथेलचा भाऊ." वंशावळीत भाऊ सांगत नाहीत. कुणी चूक काढली नाही. मेलिरने त्याला खांद्याचा सगळ्यात चांगला भाग वाढला आणि क्षणभर तिथेच उभा राहिला.

किती ताणलं तरी माणसं संपतातच. शेवटच्या पंगतीच्या शेवटच्या माणसाला वाढून झालं तेव्हा बाहेर पाण्याचा आवाज अजून होताच. मेलिरच्या हातात वाढायचं लाकडी ताट होतं, त्यात थोडं मटण आणि रस्सा उरलेला.

कादोगन उठला. "झालं. ठोक खांबावर."

सुलियन उभा राहिला. "नियमाने विचारतो. दरबारातला कोणी जेवायचा राहिलाय?"

मेलिरने स्वतः सुरुवातीलाच प्रत्येक पदार्थ चाखला होता, दिस्तैनचं तेच जेवण धरतात. हुनिद दरबारातली नाही. मेलिरचा हात काठीकडे गेला आणि हुनिदने डोळे मिटले. आता मी चेहरा बघत होतो, पाय नाही.

"मी," मी म्हणालो.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. बावीस वर्षांत मी त्या दालनात मोठ्याने बोललो नव्हतो.

"तू?" कादोगन हसला. "तू राजाच्या ताटातलं खातोस, गुगन. तुला काय वेगळं हवं, पायपोस?"

मी बाहीतला तुकडा काढून दाखवला. "खाल्लं नाही मी. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही."

सुलियनने तुकडा हातात घेतला, डोळ्यांशी धरून पाहिला, हुंगलाही. "दात लागलेला नाही," तो म्हणाला. "गुगन दरबारातला माणूस आहे आणि उपाशी आहे. दिस्तैन, वाढ त्याला."

आणि ते फताडे, भेगाळलेले पाय माझ्यासमोर येऊन थांबले! मेलिरने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याचे डोळे तपकिरी आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"कोणाचा कोण, गुगन?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. बापाचं नाव घेतलं, आज्याचं, पार नवव्यापर्यंत. माझा आवाज कापत होता, कापू दे. कुणीही मध्ये हसलं नाही.

"आता वाढ," कादोगन ओरडला.

"कुठे वाढू?" मेलिर म्हणाला. "वाढायचं ते मांडीवर. मांडीवर महाराजांचे पाय आहेत. जमिनीवर कुत्र्यांना वाढतात."

"मग पाय उचल!"

"महाराजांचे पाय फक्त महाराज उचलतात," सुलियन म्हणाला. "आणि महाराज तर झोपलेत."

झोपलेच होते. डोकं छातीवर, घोरत होते. सरदार असला तरी झोपलेल्या राजाला हाक मारायची कुणाची छाती? तेवढा धाक अजून उरला होता. पण मी सांगतो तुम्हाला, झोपलेल्या माणसाचे पाय बाहेरच्या अंगाला पडतात आणि जड होतात, ओल्या पोत्यासारखे. महाराजांचे पाय हलके होते, जोडलेले होते. आणि उजवा अंगठा माझ्या पोटात हळूच रुतला. एकदा, मग दुसऱ्यांदा. आयुष्यभर ज्याचे पाय धरले तो माणूस मला त्या अंगठ्याने सांगत होता, की बस तसाच, हलू नकोस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं म्हणून मी डोळे पुसले.

मग जे झालं ते मला स्वप्नासारखंच आठवतं. सगळं दालन थांबलं. मेलिर ताट धरून उभा, हुनिद टोक धरून उभी, कादोगन तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभा. कोपऱ्यातला वीणावाला एकच सूर पुन्हा पुन्हा छेडत होता, बहुधा तोही पेंगत होता. पेटलेलं लाकूड मधूनच फुटायचं. माणसं बसल्या बसल्या एकमेकांच्या खांद्यावर कलंडली. धुकं दारातून आत येऊन धुरात मिसळलं आणि पांढरं कुठलं, करडं कुठलं कळेना. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मेलिरच्या हातातल्या ताटावर चरबी थिजून पांढरी झाली.

आणि मग लांबून पक्ष्यांची किलबिल ऐकू आली. वाळू उघडी पडली की किडे वेचायला ते उतरतात. हुनिदने मान वर केली.

महाराज त्याच क्षणी 'जागे' झाले. मोठी जांभई दिली आणि पाय उचलून स्वतः खाली ठेवले.

"गुगन, तुझी मांडी आज दगडासारखी झालीय. जा, मोकळी करून ये. जेवलास का?"

"नाही महाराज."

"मग जेव. कुठे जेवतोस?"

बावीस वर्षांत मला कुणी 'कुठे' विचारलं नव्हतं. "बेटावर, महाराज," मी म्हणालो. "माझी आई मठाच्या आवारात पुरलीय. आजचा घास तिच्याजवळ बसून खाईन म्हणतो."

"आजच्या दिवशी आईला नाही कोण म्हणेल?" महाराज म्हणाले. "मेलिर, ताट पोचवशील का रे इतक्या लांब?"

"शेवटचा माणूस जिथे, तिथे ताट," मेलिर म्हणाला.

कादोगनचा चेहरा काळवंडला. त्याला सगळं कळलं होतं, तो काही मूर्ख नव्हता. "जा," तो म्हणाला. "मी सोबत येतो. ताट एकदा जरी खाली टेकलं किंवा सांडलं, तर वाढणं मोडलं. आणि हा गुगन्या ताटाला शिवला तर वाढलं असं धरीन. सुलियन, बरोबर?"

सुलियनने नाइलाजाने मान हलवली.

तर असे निघालो आम्ही. पुढे हुनिद, पण डावा हात मागे करून झग्याचं टोक धरलेलं. तिच्यामागे मेलिर, छातीशी ते जड लाकडी ताट. मग मी. आणि बाजूने कादोगन व त्याचे दोन स्वार, घोडे चालत. चहूकडे पांढरं. पायाखाली वाळूवर पाण्याच्या सुरकुत्या, आणि आभाळ कुठे सुरू होतं कुणास ठाऊक. आपण चालतोय की जागच्या जागी पाय हलवतोय, तेही कळत नव्हतं.

अर्ध्यात मेलिरचे हात थरथरायला लागले.

"मेलिर, दे की जरा," मी बोलून गेलो.

"हात लावू नकोस गाढवा! लावलास तर जेवलास."

मी हात मागे घेतला. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं. डोळ्यांदेखत म्हाताऱ्याचं मनगट वाकत होतं आणि मी जवळ असून काही करू शकत नव्हतो. एका ठिकाणी त्याचा पाय घोट्यापर्यंत रुतला. ताट कललं, रस्सा काठापर्यंत आला. कादोगन घोड्यावरून वाकून बघत होता. हुनिद वळली. तिने ताटाला हात लावला नाही, झग्याचं टोक बोटांत गुंडाळलेलंच ठेवून म्हाताऱ्याच्या दोन्ही कोपरांखाली आपले तळहात धरले आणि उलट्या पावलांनी चालायला लागली. मागे न बघता! पुळण तिच्या तळव्यांना पाठ होती. पुढची सगळी वाट ती तशीच चालली, मेलिरच्या तोंडाकडे बघत, मोठ्या वळशाने.

वळशापाशी कादोगनचा घोडा अडला, पुढे जाईना. उजवीकडे वाळू गुळगुळीत होती, आरशासारखी. इथेल गेला ती जागा हीच.

हद्दीचा दगड धुक्यातून वर आला तेव्हा मी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. हुनिदने दगड ओलांडला. मग मेलिरने, मग मी. आईच्या थडग्यापाशी मी मांडी घालून बसलो आणि मेलिर वाकला, गुडघे कडकड वाजले त्याचे, आणि त्याने ताट माझ्या मांडीवर ठेवलं.

"जेव, गुगन," तो म्हणाला.

थंडगार मटण, थिजलेली चरबी, दाताखाली वाळू. त्याच्याइतकं गोड मी जन्मात काही खाल्लं नाही. रडत रडत खाल्लं. मेलिर उभाच होता, दिस्तैन जेवणाऱ्यासमोर बसत नाही.

मी संपवल्यावर त्याने रिकामं ताट उचललं. "चलतो."

"वेडा झालास का? राहा इथे रात्रभर. धुकं बघ!"

"खांबावर ठोकल्याशिवाय जेवण संपत नाही. सगळे बसून राहिले असतील तिकडे." त्याने हुनिदकडे पाहिलं. "पोरी, तू दगडाच्या आतच राहा. कळलं?"

बाहेर कादोगन आणि दोन स्वार थांबले होते. अंधारून येत होतं. परत जायचं तर आत्ताच, थोड्या वेळाने पाणी वळणार. आणि ज्या वाटेने आलो ती वाट धुक्याने पुसून टाकली होती. कादोगनने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. एवढा मोठा सरदार, पण कुठे जायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

हुनिदने कमरेचं शिंग सोडलं. "मी इथून वाजवते. आवाज पाठीशी ठेवा. लांब एक वाजलं की सरळ. दोन आखूड वाजले की समुद्राच्या अंगाला वळा, आणि पुन्हा लांब वाजेपर्यंत वळत राहा. वळसा फार मोठा आहे, मोठाच वाटणार."

"तुझ्या शिंगावर चालू मी?" कादोगन म्हणाला. "माझ्या भावाला घालवलंस त्याच शिंगावर?"

"इथेल चालला नाही सरदार," हुनिद म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तो चालला असता तर आज तुमच्या शेजारी जेवला असता."

मेलिर ताट काखेत मारून चालायला लागला. थोड्या वेळाने घोडेही त्याच्यामागे निघाले, आणि धुक्याने चौघांना गिळलं.

हुनिद दगडावर उभी राहिली. लांब वाजवायची, मग ओठ हलवत पावलं मोजायची. तिला ते दिसत नव्हते. ती म्हाताऱ्याची पावलं मोजत होती, थकलेल्या म्हाताऱ्याची, आणि तो आता कुठे असेल ते मनात बघत होती. मध्येच तिने दोन आखूड वाजवले. मी श्वास धरला. आता ते त्या गुळगुळीत वाळूपाशी असणार. आता कादोगनला वाटत असणार, ही बाई उगाच लांबून फिरवतेय. दोन आखूड. दोन आखूड. दोन आखूड. मग लांब.

मग खूप वेळ तिकडून काहीच नाही. दगडाखाली पाणी यायला लागलं, आधी नुसती ओल, मग आवाज. हुनिदच्या ओठातून रक्त येत होतं. तरी ती वाजवत होती.

आमच्याकडे रीत आहे. पलीकडे पोचलेला माणूस आवाज देतो, माणशी एक. इथेलचा आवाज त्या दिवशी आला नव्हता.

आणि तिकडून, फार लांबून, लाकडावर लाकूड वाजलं. ठक. तो मेलिर, ताटावर काठी मारत होता. मी हुनिदचा हात घट्ट धरला. पाठोपाठ शिंग वाजलं, सरदाराचं, त्याचा भरड आवाज मी कुठेही ओळखीन. एक. दोन. तीन. म्हणजे तो आणि दोन स्वार. चौघे सुखरूप पोचले.

मी उठणार तेवढ्यात ते शिंग पुन्हा वाजलं. या खेपेला लांब, खूप लांब, फुंकणाऱ्याचा दम तुटेपर्यंत.

"चौघेच गेले होते ना?" मी म्हणालो. "हा पाचवा कोण?"

हुनिद खाली बसली. शिंग मांडीवर घेऊन ती हमसून हमसून रडली, मी कुणाला असं रडताना पाहिलं नाही.

"नऊ दिवसांपूर्वी निघाला होता तो," ती म्हणाली. "आज घरी पोचला."

मग तिने तोंड पुसलं, शिंग ओठांना लावलं आणि एकदाच फुंकलं. सगळे पोचले की वाटाडी तसं फुंकते.